सहा मिनिटांचा पाठ : आपल्या केंद्राची वाटचाल

आपल्याकडे तालुक्याच्या गावी पुष्कळदा कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत भरते. सकाळी ज्या खोलीत बारावीचा तास होतो, तिथेच दुपारी प्रथम वर्षाचा होतो. फळा तोच, बाके तीच आणि मुलेही बहुधा तीच, एका उन्हाळ्याने मोठी झालेली. बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकाने बी.एड. केलेले असते. त्याने पाठाचे टाचण काढलेले असते, सराव पाठ दिलेले असतात, शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाचे शेरे वहीत उतरवून घेतलेले असतात. प्रथम वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकाजवळ एम.ए. किंवा एम.एस्सी.ची पदवी असते, पण त्याने एकही पाठ कोणाच्या नजरेखाली दिलेला नसतो. प्राथमिक शाळेच्या मास्तरांसाठी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून ट्रेनिंग कॉलेजे आहेत. महाविद्यालयाच्या शिक्षकासाठी तसे काही असावे, हे पटायला आणि प्रत्यक्षात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्धही अर्ध्याहून अधिक उलटला.

याच कामासाठी निघालेल्या आपल्या केंद्राचा इतिहास लिहायला बसलो तेव्हा संचालकांची यादी, अभ्यासक्रमांचे तक्ते आणि उद्घाटनांची छायाचित्रे समोर होती. ती सगळी या स्मरणिकेत इतरत्र येतीलच. मला लिहायचे आहे ते इथल्या खोलीत काय घडले याविषयी. मी इथे आधी शिकायला आलो, नंतर अनेक वर्षे साधनव्यक्ती म्हणून येत राहिलो. त्यामुळे हे लेखन तटस्थ नाही.

अशा केंद्राची कल्पना तशी जुनी. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांनी सुट्ट्यांमध्ये शिक्षकांचे उजळणी वर्ग घ्यावेत असे सुचवले होते. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, नव्या अधिव्याख्यात्यांच्या उद्बोधनाचा स्वतंत्र विचार केला. नेमणुकीचे पत्र मिळाले की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण तासांचा भार, ही पद्धत त्या आयोगाला खटकली होती. मोठ्या विद्यापीठांनी किंवा विद्यापीठांच्या गटांनी अशा वर्गांसाठी कायमची ‘स्टाफ कॉलेजे’ काढावीत, असे त्या अहवालात आहे. अहवाल १९६६चा. पहिली केंद्रे निघाली १९८७मध्ये.

मधल्या एकवीस वर्षांत काहीच झाले नाही असे नाही. १९६३पासून विज्ञानाच्या शिक्षकांसाठी उन्हाळी संस्था भरत होत्या. १९७०मध्ये महाविद्यालयांतील विज्ञान सुधारण्याची आणि १९७४मध्ये मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे सुधारण्याची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने आणली. जुने प्राध्यापक त्यांना अजून ‘कोसिप’ आणि ‘कोहसिप’ याच नावांनी ओळखतात. त्यातून प्रयोगशाळांना उपकरणे मिळाली, ग्रंथालये भरली, अभ्यासक्रम नवे झाले. पण या योजनांचा भर मुख्यतः काय शिकवायचे यावर होता. समोर सव्वाशे मुले बसलेली असताना ते कसे शिकवायचे, ही बाब ज्याच्या त्याच्या हातोटीवर सोडलेली होती. चांगला प्राध्यापक जन्मावा लागतो, अशी आमच्या पिढीतल्या पुष्कळांची समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हे मला इथे आल्यावर कळले.

१९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि त्याच्या कृती कार्यक्रमातून अकॅडमिक स्टाफ कॉलेजची योजना निघाली. देशभर पहिल्या फेरीत ४८ केंद्रे मंजूर झाली. महाराष्ट्रातल्या प्रमुख विद्यापीठांत ती उभी राहिली, शेजारी गोवा विद्यापीठातही राहिले. आपले केंद्र त्या पहिल्या पिढीतले. स्वतःची इमारत नव्हती. एका विभागाचे सभागृह मागून घेतलेले, राहायला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या खोल्या, आणि दीक्षान्त समारंभ असला की सभागृहातून बाडबिस्तरा हलवायचा. कार्यालयात एक टंकलेखनयंत्र आणि एक चक्रमुद्रण यंत्र होते. निळसर शाईतली ती टिपणे माझ्याजवळ अजून आहेत.

योजनेची रचना सरळ होती. नव्या शिक्षकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, अनुभवी शिक्षकांसाठी त्यांच्या त्यांच्या विषयाचा तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. रोज सहा तास. उद्बोधनाचे एकूण १४४ तास होत, उजळणीचे १०८. उद्बोधनात समाज, पर्यावरण व विकास यांचे शिक्षणाशी नाते, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, माहितीची साधने, व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व असे चार विभाग असत. पहिला आठवडा व्याख्यानांचा. राज्यघटना, लोकसंख्या, जंगले, पंचवार्षिक योजना. भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक कुरकुरत की, याचा आमच्या वर्गाशी संबंध काय? त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. दिवसभर चार चार व्याख्याने ऐकवून ‘व्याख्यानपद्धतीच्या मर्यादा’ सांगितल्या जात, हा दोष पहिल्या काही वर्षांत खरोखरच होता आणि तो घालवायला बराच काळ लागला.

पण योजनेतली एक गोष्ट फार मोलाची होती, आणि तिचे मोल मला बऱ्याच वर्षांनी उमगले. उद्बोधन वर्गात सगळ्या विषयांचे शिक्षक एकत्र बसत. वनस्पतिशास्त्र, मराठी, वाणिज्य, गणित, तर्कशास्त्र, सगळे एका बाकावर. एरवी आमच्या चर्चासत्रांत आम्ही आपापल्या विषयवाल्यांनाच भेटायचो, आणि तिथे माणसाची विद्वत्ता मोजली जायची. इथे इतिहासाचा पाठ वनस्पतिशास्त्राची बाई ऐके. तिला पेशवाईतल्या सनावळ्या ठाऊक नसत. तिच्यावर विद्वत्तेची छाप पडण्याचा प्रश्नच नव्हता. तिला कळले की नाही, एवढेच ती सांगू शके. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची जागा यापेक्षा चांगली कोण घेणार?

तिसऱ्या आठवड्यात सूक्ष्म अध्यापन सुरू होई. हे तंत्र १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाले. आपल्याकडे ते रुजवण्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र विभागाचा मोठा वाटा आहे. त्याची भारतीय बांधणी ३६ मिनिटांची. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रतिसाद, बारा मिनिटे पुन्हा आखणी, सहा मिनिटे तोच पाठ नव्याने, शेवटी सहा मिनिटे पुन्हा प्रतिसाद. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे. प्रश्न विचारण्याचे, उदाहरण देण्याचे, फळा वापरण्याचे, पाठाला तोंड फोडण्याचे. निरीक्षकांच्या हाती एक छापील तक्ता असे आणि त्यावर त्यांनी फक्त खुणा करायच्या.

माझा विषय अर्थशास्त्र. नोकरीला तीन वर्षे झाली होती. पाठासाठी मी मागणीची लवचिकता निवडली, कौशल्य प्रश्न विचारण्याचे. मिठाचा भाव दुप्पट झाला तर तुम्ही मीठ निम्मे खाल का, अशी सुरुवात केली. पाठ रंगला असे मला वाटले. वर्गात हशा झाला, फळ्यावर वक्ररेषा नीट आली, सहा मिनिटांत संकल्पना पूर्ण झाली. प्रतिसादाच्या वेळी एका सहाध्यायी बाईंनी आपला तक्ता पुढे केला. त्या मराठी शिकवत. त्यांनी म्हटले, “सर, तुम्ही सात प्रश्न विचारलेत. सातही उत्तरे तुम्हीच दिलीत.” तक्त्यावर उभ्या रेघांच्या दोन ओळी होत्या, एक प्रश्नांची, एक माझ्याच उत्तरांची. दोन्ही सारख्या.

तीन वर्षे मी रोज हेच करत होतो, आणि माझ्या महाविद्यालयात हे सांगणारे कोणी नव्हते. विद्यार्थी सांगू शकत नव्हते, कारण त्यांना दुसरे काही माहीतच नव्हते. प्राचार्य कधी वर्गाबाहेरून गेलेच, तर माझा आवाज ऐकून समाधानाने पुढे जात.

त्याच संध्याकाळी आमच्या समन्वयकांनी मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेच्या कामाविषयी सांगितले. प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांना आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. दुसऱ्या दिवशी बारा मिनिटांत आखणी बदलून मी तोच पाठ पुन्हा दिला. एकच प्रश्न विचारला आणि मनात ‘एक, दोन, तीन’ मोजून गप्प उभा राहिलो. वर्गासमोर तीन सेकंद गप्प उभे राहणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. हात मात्र वर आले. त्यातला एक हात त्या मराठीच्या बाईंचा होता.

पुढे सेवानिवृत्तीपर्यंत मी हा एकच धडा पाळत राहिलो. केंद्राने मला दिलेले सर्वांत मोठे देणे हेच, आणि असे एखादे देणे या केंद्रातून बाहेर पडलेल्या पुष्कळांजवळ आहे. कोणी फळ्याचे चार भाग करायला शिकले, कोणी तासाच्या शेवटी पाच मिनिटे राखून मुलांकडून दोन ओळी लिहून घ्यायला. प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी इथून गेल्यावर आपल्या तासाची सुरुवात प्रश्नाने करायची असे ठरवले आणि वीस वर्षे ते त्याप्रमाणे वागले. या गोष्टी बारीक वाटतात. पण वर्षाला चारशे तास घेणाऱ्या माणसाचे शिकवणे अशाच गोष्टींनी बदलते.

आता बढतीविषयी. डॉ. मेहरोत्रा समितीनंतर १९८६पासून लागू झालेल्या वेतनश्रेण्यांबरोबर वरिष्ठ श्रेणीसाठी हे वर्ग आवश्यक झाले. शिक्षककक्षात “रिफ्रेशर झाले का?” हा प्रश्न “कॅसची फाईल गेली का?” या बढती योजनेविषयीच्या प्रश्नाच्या जोडीने येऊ लागला. केंद्रातल्या खुर्च्या भरल्या, अर्जांची रांग लागली. आणि काही जण फक्त प्रमाणपत्रासाठी येऊ लागले. सही करून मागच्या बाजूला वर्तमानपत्र उघडणारे सहभागी मी पाहिले आहेत. स्थाननिश्चितीची तारीख जवळ आली म्हणून आपल्या विषयाशी दूरचा संबंध असलेल्या उजळणी वर्गाला बसलेलेही पाहिले आहेत. केंद्रावर टीका झाली ती मुख्यतः याच कारणाने, आणि ती अनाठायी नव्हती.

तरीही बढतीशी सांधा जोडला नसता तर काय झाले असते, हेही सांगितले पाहिजे. मी ज्या महाविद्यालयात होतो तिथून कार्यमुक्तीचे पत्र मिळवायला मला दोन वर्षे लागली. ‘तुमचे तास कोण घेणार?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेतनश्रेणीचा शासननिर्णय दाखवल्यावर पत्र मिळाले. सक्तीने आलेल्यांतूनच पुढे मनापासून काम करणारे निघाले, मीही त्यांतलाच. माझे मत असे की सक्तीने माणूस केंद्राच्या दारापर्यंत आला. दाराच्या आत त्याचे काय झाले, हे त्या त्या वर्गाच्या समन्वयकावर अवलंबून राहिले. ज्या वर्गात प्रत्येकाला दोनदा पाठ द्यावा लागला, तिथे वर्तमानपत्रे उघडली गेली नाहीत.

भाषेचा प्रश्न आम्ही फार उशिरा हाती घेतला. पहिल्या काही वर्षांत सगळा व्यवहार इंग्रजीत चाले, सूक्ष्म पाठही इंग्रजीत. ग्रामीण महाविद्यालयातून आलेला प्राध्यापक, जो रोज बी.ए.चे वर्ग मराठीत घेतो, तो इथे परक्या भाषेत सहा मिनिटे अडखळत बोले आणि त्याच्यातला शिक्षक कोणाला दिसतच नसे. एका वर्गात समन्वयकांनी ‘ज्या भाषेत तुम्ही शिकवता त्याच भाषेत पाठ द्या’ असे फळ्यावर लिहिले. त्या दिवशी खोली बदलली. मग खरे प्रश्न वर आले. पाठ्यपुस्तक मराठीत, संदर्भग्रंथ इंग्रजीत, आणि नंदुरबारच्या वर्गात घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारी मुले, गडचिरोलीत माडिया बोलणारी. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. ‘सीमान्त उपयोगिता’ हा शब्द त्यांना इंग्रजी शब्दाइतकाच परका. या विषयावर केंद्रात झालेल्या चर्चा मला इथल्या सर्वांत जिवंत चर्चा वाटतात. त्यातून आलेल्या उदाहरणांचा संग्रह करायचे दोनदा ठरले, पण तो पुरा झाला नाही.

पुढची नोंद थोडक्यात करतो. १९८९मध्ये नेट परीक्षा आणि १९९५मध्ये राज्याची सेट परीक्षा सुरू झाली. विषयाची चाळणी कडक झाली. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनक्षमतेवर प्रश्न असतात, पण पर्यायावर खूण करणे आणि वर्गात उभे राहणे यांत जे अंतर आहे ते राहिलेच. देशातल्या केंद्रांची संख्या वाढत ६६ झाली. २५ डिसेंबर २०१४ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०१५मध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजचे ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झाले. २०१८च्या नियमांनंतर उद्बोधन एकवीस दिवसांचे आणि उजळणी दोन आठवड्यांची धरली जाऊ लागली. त्याच सुमारास नव्या शिक्षकांसाठी महिनाभराचा प्रवेश-प्रशिक्षण कार्यक्रम ‘गुरुदक्षता’ या नावाने आला. ५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ हे आजचे नाव मिळाले आणि देशात अशी १११ केंद्रे झाली. पाटी दोनदा बदलली. जुने लोक अजूनही ‘स्टाफ कॉलेजला जाऊन येतो’ असेच म्हणतात.

२०२०च्या टाळेबंदीत केंद्र पडद्यावर गेले. मी या बदलाकडे साशंकतेने पाहत होतो, आणि त्यातल्या एका गोष्टीने माझे मत बदलले. पूर्वी चार आठवडे घर सोडून वसतिगृहात राहणे लहान मुले असलेल्या प्राध्यापिकांना जवळजवळ अशक्य होते. एका बाईंनी सहा महिन्यांच्या बाळाला आणि सासूबाईंना घेऊन वसतिगृहाच्या खोलीत महिना काढला होता. दुपारच्या चहाच्या सुट्टीत त्या धावत खोलीवर जात. कित्येकींनी वर्ग पुढे ढकलले, आणि त्यांची बढतीही तेवढीच पुढे गेली. पडद्यावरच्या वर्गाने त्यांची ही अडचण दूर केली. शिवाय पाठाचे चित्रण होऊ लागले आणि शिक्षक स्वतःचा पाठ स्वतः पाहू लागला. गेले काय, तर शेवटचा बाक. कॅमेरा बंद करून बसलेल्या चाळीस चौकोनांसमोर तीन सेकंद थांबून काही उपयोग होत नाही. कोणाचा चेहरा पडला, कोणाचे पेन थांबले, हे दिसत नाही. म्हणून पाठांचे दिवस तरी प्रत्यक्ष केंद्रात व्हावेत, असे माझे ठाम मत आहे.

दोन कामे राहून गेली आहेत, आणि या स्मरणिकेत ती लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

पहिले, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांचे. आज आपल्या महाविद्यालयांतले कितीतरी वर्ग त्यांच्याच जिवावर चालतात. हंगामी शिक्षकांना ठराविक अनुभवानंतर या वर्गांना बसता येईल, अशी सोय नियमात पूर्वीपासून होती. पण ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, तो चार आठवडे इथे आला तर त्या महिन्यात घरी काय नेणार? त्याला बढती नाही, रजा नाही, म्हणून त्याला प्रशिक्षणही नाही. आणि त्याच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची फी मात्र तेवढीच असते. शनिवार-रविवारी, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन, मानधन देऊन त्यांचे वर्ग घेतले पाहिजेत. हा केंद्राचा पुढचा कार्यक्रम असला पाहिजे, आणि बाकीचे सगळे त्यानंतर.

दुसरे, परत गेल्यानंतरचे. इतक्या वर्षांत हजारो शिक्षक या खोलीत येऊन गेले. ते आपल्या वर्गात परतल्यावर काय झाले, हे पाहायला आपल्यापैकी कोणीही गेले नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद भरून घेतला जातो, त्यावर ‘उत्कृष्ट’ असे लिहिलेले असते, आणि फाईल बंद होते. इथे दिलेला सहा मिनिटांचा पाठ आपल्या महाविद्यालयातल्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात टिकला का? टिकला नसेल तर का? याचे उत्तर फक्त एका मार्गाने मिळते. कोणीतरी जाऊन त्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसले पाहिजे. त्यासाठी फार निधी लागत नाही. एकाच महाविद्यालयातल्या दोन वेगळ्या विषयांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसायचे ठरवले तरी काम सुरू होईल. विषय वेगळे असावेत, हे मी मुद्दाम सांगतो.

या लेखासाठी मी जुनी कागदपत्रे शोधली तेव्हा केंद्रात हजेरीपटांचे गठ्ठे मिळाले, देयकांच्या फायली मिळाल्या, पण सूक्ष्म पाठांचे निरीक्षण तक्ते एका वर्षाचेही नीट मिळाले नाहीत. ते सहभागी आपापल्या घरी घेऊन गेले. माझा तक्ता, त्या दोन सारख्या ओळींचा, मी केंद्राच्या ग्रंथालयाला दिला आहे. आपणांपैकी ज्यांच्याजवळ आपले तक्ते, टाचणे किंवा ध्वनिफिती असतील, त्यांनी त्या ग्रंथपालांकडे जमा कराव्यात ही विनंती. सोबत विषय, वर्ष आणि त्या वेळी आपण ज्या वर्गाला शिकवत होता तो वर्ग, एवढे लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल.